मार्युनची तालीम

डोंगरावरून मेंढरं उतरवायच्या दिवशी हानुसच्या घरात भांडण झालं नाही, असं एकही वर्ष सुन्वाला आठवत नव्हतं. कधी कुणाच्या कुत्र्यानं कुणाची मेंढी बिथरवली म्हणून, कधी वाटणीत कुणाला म्हातारा मेंढा आला म्हणून. यंदा मात्र भांडणाचं कारण ती स्वतःच होती, आणि सुरुवात सकाळच्या कॉफीलाच झाली.

स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाशी सगळी बसली होती. टोकाला आजोबा, म्हणजे हानुस. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही मेंढरांच्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून बूट घालून तयार. त्यांच्या उजव्या हाताला थोरला मुलगा त्रोन्दुर, ज्याच्या हातात आता डोंगराचा सगळा कारभार होता. त्याच्या शेजारी त्याचा मुलगा दान्याल. दान्यालची आई, मालन काकू, पाव कापत होती. आणि खिडकीजवळ, नेहमीसारखी सगळ्यांपासून थोडी अलग, मार्युन आत्या. त्रोन्दुरपेक्षा वर्षानं मोठी, पण या घरात ते मोठेपण कधी कुणी मोजलं नव्हतं. सुन्वाचे वडील, हानुसचे धाकटे, ट्रॉलरवर समुद्रात होते, आणि आईला दवाखान्यातल्या नोकरीतून सुट्टी मिळाली नव्हती. त्यामुळे त्यांच्या घरातून एकटी सुन्वाच आली होती.

"काय गं, ते पाटीवर चिकटवलंयस ते खरं का?" त्रोन्दुर काकानं वाळवलेल्या मटणाचा तुकडा सुरीनं तासत विचारलं. "दुकानाबाहेरच्या."

"खरंय. हिवाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये वर्ग घेणारेय. ड्रोन उडवायचं, दुरुस्त करायचं, परवान्याची परीक्षा द्यायची. फक्त बायकांसाठी."

"फक्त बायकांसाठी! का, पुरुषांनी काय घोडं मारलंय?"

"पुरुषांनी काही नाही मारलं. पण मी वीज कंपनीच्या तारा तपासते, समुद्रातल्या सॅमन माशांच्या जाळ्यांवर ड्रोन घेऊन जाते, आणि सगळ्या बेटांवर जिथं जाते तिथं विचारतात, पायलट कुठंय? मी म्हणते, हा काय, तुमच्या समोर उभाय. तर माझ्या मागं बघतात."

दान्याल हसला. त्याचं हसणं कुजकं नव्हतं. पण काका थांबायला तयार नव्हता.

"अगं, आधी यांना गाडी मागं घ्यायला शिकव. नाव तरी कुणी दिलंय का?"

 एकाही बाईनं नाव दिलं नव्हतं.

"मी तर बाई टीव्हीचं रिमोटसुद्धा उलटं धरते," मालन काकू म्हणाली आणि स्वतःच हसली. "आपल्याला नाही जमायचं ते. ज्याचं त्याला शोभतं."

मार्युन आत्या पावाला लोणी लावत होती. पावाच्या कडेपर्यंत, एकसारखं, घाई न करता. सुन्वानं तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिच्या तोंडून निघून गेलं असतं.

कारण वसंतापासून दर शनिवारी आत्या बसनं राजधानीला, तोर्शहाव्नला यायची. घरी सांगून यायची की चर्चच्या गाण्याच्या तालमीला जाते. आणि सुन्वाच्या ड्रोन दुरुस्तीच्या शेडमागच्या माळावर वाऱ्यात उभी राहून ड्रोन उडवायची. पहिल्या दिवशी तिनं एक ड्रोन मेंढरांच्या गोठ्याच्या छपरावर आपटलं होतं. मग तेच ड्रोन घरी नेलं, उघडलं, मोडलेला पंखा बसवला आणि पुढच्या शनिवारी उडतं परत आणलं. सुन्वानं विचारलं होतं, "आत्या, हे कुठं शिकलीस?" तेव्हा कळलं की सतराव्या वर्षी आत्यानं वडिलांच्या नावेचं इंजिन एकटीनं खोलून जोडलं होतं आणि जहाजाच्या इंजिनाच्या शाळेत जायचं म्हणून हट्ट धरला होता. हानुसनी सांगितलं होतं, इंजिनाच्या खोलीत बाईमाणूस असेल तर त्या जहाजावर चढणार कोण? तिच्याऐवजी त्रोन्दुरला पाठवलं. तो अर्ध्यातून परत आला. आत्यानं पुढची तीस वर्षं मासळीच्या कारखान्यात मासे साफ केले.

उन्हाळ्याच्या शेवटी ती परवान्याची परीक्षा पास झाली होती. "आता तरी सांग घरी," सुन्वा म्हणाली, तर आत्या म्हणाली होती, "सांगीन गं. नापास झाले असते तर हसले असते. पास झाले म्हटलं तर चिडतील. थोडे दिवस माझ्यापाशीच राहू दे."

"मी गाडीत दोन्ही ड्रोन आणलेत," सुन्वानं शेवटचा प्रयत्न केला. "वरून बघितलं तर कपारीतली मेंढरं चटकन सापडतील."

"मेंढरं बुजतील," त्रोन्दुर म्हणाला आणि उठला. "ते खेळणं गाडीतच राहू दे."

 हानुसनी काठी उचलली, आणि सगळे निघाले.

*

दुपारपर्यंत दिवस चांगला गेला. सगळं गाव डोंगरावर पसरलं होतं. पुरुष, बाया, कुत्री, सगळ्यांनी रांग धरून हाकारे देत मेंढरं खालच्या दगडी कोंडवाड्यात आणली. मेंढरं हाकण्यात बाई-पुरुष असा भेद नव्हता. भेद होता तो दोराचा. समुद्राच्या बाजूला डोंगर एकदम तुटतो. हिरव्या गवताला भुलून एखादी मेंढी कड्यावरच्या पट्टीवर उतरते आणि तिला परत चढता येत नाही. मग तिला आणायला दोरावरून माणूस सोडायचा. तो माणूस कोण, हे हानुसच्या घरात बापाकडून मुलाकडे गेलं होतं.

यंदा एक मेंढी अशीच अडकली, आणि दान्याल उतरला.

सुन्वा तेव्हा कोंडवाड्यापाशी होती. तिला नंतर कळलं ते असं. दान्याल नीट पट्टीवर पोचला. वरून कडा छपरासारखा पुढं आलेला होता, त्यामुळे त्याला दोराला झोका देऊन आत शिरावं लागलं. त्यानं मेंढीला दुसऱ्या दोरानं बांधलं, वरच्यांनी ती ओढून घेतली. मेंढीनं वर येताना पाय झाडले आणि काठाचा एक मोठा दगड सुटला. दगडानं आधी पट्टीच्या टोकाशी उभ्या असलेल्या दान्यालचा दोर तोडला, मग त्याच्या खांद्यावर बसला.

सुन्वा वर काठाशी पोचली तेव्हा तिला दिसला तो त्रोन्दुर काका. गवतावर पालथा पडून, मान बाहेर काढून, पोराला हाका मारत होता. खालून एकदा उत्तर आलं. खांदा निखळलाय, हात उचलवत नाही. मग वाऱ्यानं आवाज खाल्ला.

नवा दोर सोडला होता, त्याच्या टोकाला हुक होता. दान्यालच्या कमरेला पट्टा शाबूत होता, फक्त हुक पट्ट्यात अडकवायचा. पण पुढं आलेल्या कड्यामुळे दोर पट्टीपासून लांब, हवेत लोंबकळत होता. धडधाकट माणसानंही तो पकडायला उडी मारली नसती. दुसरा माणूस खाली सोडावा, तर काठाचे दगड अजून सुटत होते. हेलिकॉप्टर बोलावलं होतं, पण ते दूर समुद्रात एका आजारी खलाशाला आणायला गेलं होतं. आणि उत्तरेकडून धुकं निघालं होतं.

"काका," सुन्वा म्हणाली, "मी बारीक दोरी नेऊन देते त्याला. ड्रोननं. दोरीचं दुसरं टोक तुमच्या हुकाला बांधा. तो दोरी ओढेल, हुक त्याच्या हातात येईल."

त्रोन्दुरनं मान वळवली. 

"तुला दिसणार तरी काय खाली? ते छपरासारखं..."

"एका ड्रोनमधून नाही दिसणार. दोन लागतील. एकानं दोरी न्यायची, दुसऱ्यानं बाजूला तरंगत बघत राहायचं."

"आणि दुसरं कोण चालवणार? तुझं भूत?"

"मी," मार्युन आत्या म्हणाली.

ती कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. हातात गाडीतल्या दोन्ही पेट्या होत्या. कुणी सांगायच्या आधीच ती जाऊन घेऊन आली होती.

त्रोन्दुर बघतच राहिला. "तू?"

"विचारत बसायचं की पोराला वर काढायचं?"

हानुस काठीवर रेलून उभे होते. त्यांनी एका भाच्याच्या हातातली वॉकीटॉकी घेतली आणि मार्युनपुढं धरली. एवढंच.

*

बाजूला डोंगराचं एक नाक समुद्रात शिरलेलं होतं, तिथून कड्याच्या पोटाचा भाग तिरपा दिसायचा. दोघी तिथं ओल्या गवतावर गुडघे टेकून बसल्या. आत्याचं छोटं ड्रोन आधी उठलं, वाऱ्यानं एकदा भेलकांडलं आणि स्थिर झालं.

"हात गारठलेत का तुझे?" सुन्वानं विचारलं.

"हात गारठलेत. बोटं नाहीत."

स्क्रीनवर काळा खडक सरकत गेला, गवताची हिरवी पट्टी आली, आणि पट्टीवर भिंतीला टेकून बसलेला दान्याल.

वॉकीटॉकी खरखरली. "दिसला का? मार्युन! दिसतोय का?"

"दिसतोय. बसलाय. डावा हात छातीशी धरलाय. डोळे उघडे आहेत."

पलीकडून फक्त श्वास ऐकू आला.

सुन्वानं मोठं ड्रोन उचललं. त्याच्याखाली मासेमारीची पातळ, मजबूत दोरी होती, दुसरं टोक काठावरच्यांनी हुकाला बांधलेलं, आणि लोंबत्या टोकाला गळाचं शिसं, लाल फडक्यात गुंडाळलेलं. पहिल्यांदा ती वरून आली. छपराखाली शिरताच वारा उलटा फिरला, शिसं झोके घेऊ लागलं, खडकावर आपटलं आणि दोरी एका सुळक्यात अडकली. ड्रोन कलंडलं. दोरी सोडून देण्याशिवाय इलाज नव्हता. रिकामं ड्रोन कसंबसं परत आलं.

 एवढ्या वर्षांत सुन्वानं वादळात विजेचे खांब तपासले होते, पण खांबाला आई नसते. मालन काकू आता त्यांच्या मागं येऊन उभी होती. जेवणाची टोपली अजून तिच्या कोपरावर तशीच लटकत होती.

"बॅटरी बदल," आत्या म्हणाली. तिनं स्वतःच्या स्क्रीनवरून नजर हलवली नव्हती. "नवी दोरी बांध, जास्त लांब. आणि घाई करू नकोस. तो कुठं जात नाहीये."

"खालून येते," सुन्वा म्हणाली. "समुद्राकडून, पट्टीच्या खालून वर. मला खालचं काही दिसणार नाही, तू बोलत राहा."

"बोलते."

आणि आत्या बोलत राहिली. तीस वर्षं कारखान्यात ज्या बाईचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता, ती एकाच सुरात, जणू शेजारच्या घरी मीठ मागायला निघालेल्या माणसाला वाट सांगावी तशी बोलत होती. "वर. अजून. शिसं डावीकडे झुलतंय, थांब. थांबलं. आता पुढं. हातभर. तुझ्या उजवीकडे खडकाचं टोक आहे, तिकडं जाऊ नकोस. दान्यालनं हात पुढं केलाय. अजून. अजून एक वीत. धरलं! धरलं त्यानं!"

सुन्वानं दोरी सोडली. ओझं गेल्याबरोबर ड्रोन एकदम वर उसळलं, छपराला थडकलं आणि पंखे मोडून खाली गेलं. समुद्रात पडल्याचा आवाजही आला नाही. तिच्या हातात नुसतं रिमोट उरलं.

आता फक्त आत्याचा डोळा होता.

दान्यालनं दोरी मनगटाला दोन वेढे घेऊन गुंडाळली आणि ओढायला लागला. एका हातानं, दातांनी धरत, पुन्हा ओढत. लोंबणारा दोर हळूहळू त्याच्याकडे झुकला. हुक हाताशी आला. बोटांतून निसटला. पुन्हा आला.

वॉकीटॉकीवर त्रोन्दुर ओरडला, "दोर हललाय! इशारा देतोय तो! धरा रे सगळे, ओढा!"

"थांब!" मार्युन आत्या ओरडली. सुन्वानं तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "त्रोन्दुर, हात आवर! हुक लागला नाहीये. दोरी त्याच्या मनगटाला गुंडाळलीय, ओढलंस तर फरफटत खाली जाईल तो!"

"मार्युन, तो बेशुद्ध पडेल तिथं!"

"पडू दे. हुकाचं तोंड बंद झालेलं माझ्या डोळ्यांना दिसल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. ढिला सोड दोर. सोड म्हणते ना!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग स्क्रीनवर ताठ झालेला दोर सैल पडला. त्रोन्दुरनं जन्मात पहिल्यांदा बहिणीचं ऐकलं होतं.

आत्यानं ड्रोन जवळ नेलं. इतकं जवळ की सुन्वाला डोळे मिटावेसे वाटले. वारा छपराखालून उलटा येत होता, ड्रोन डुलत होतं, पण खडकापासून तेवढंच अंतर राखून आत्या ते धरून राहिली. दान्यालनं मान वर केली आणि थेट त्या काचेच्या डोळ्याकडे पाहिलं. मालन काकूच्या तोंडून एक बारीक आवाज आला. ती खाली बसली, आणि मग नवऱ्याशी, दिराशी, नणंदेशी कधीही न वागलेल्या रीतीनं तिनं आत्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

"काकू, बघू नका," सुन्वा म्हणाली.

"बघते. मला बघू दे."

आत्यानं ड्रोन वरखाली हलवलं. दान्यालला कळलं, कुणीतरी थांबलंय, घाई नाही. त्यानं हुक मांडीवर टेकवला, अंगठ्यानं तोंड उघडलं आणि पट्ट्याच्या कडीत घातलं. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा बसलं.

"मनगटावरची दोरी सोडव," आत्या पुटपुटली, जणू तो ऐकत होता. त्यानं दातांनी वेढे सोडवले.

"त्रोन्दुर," ती वॉकीटॉकीत म्हणाली, आणि आता तिचा आवाज पुन्हा रोजचा झाला होता, "लागला हुक. बंद आहे, मी पाहिला. सावकाश ओढ. बाहेर झुलेल तेव्हा थांबा, मी सांगते."

आणि तिनं सांगितलं. कुठं थांबायचं, कधी डावीकडे सरकायचं, कुठला दगड डुगडुगतोय. काठावरून पहिल्यांदा दान्यालचे केस दिसले, मग त्याचं पांढरं तोंड, आणि मग सगळ्यांनी त्याला एकदमच ओढून घेतलं. तेव्हा कुठं आत्यानं ड्रोन मागं फिरवलं, नीट उतरवलं, पंखे थांबल्याची खात्री केली आणि रिमोट बंद केलं. धुकं तेवढ्यात कड्यावर चढलं.

मग मात्र तिची बोटंही गारठली. सुन्वानं ती आपल्या हातात धरली. 

*

डॉक्टरांनी दान्यालचा खांदा बसवला आणि रात्रभर दवाखान्यात ठेवतो म्हणून सांगितलं. मालन काकू त्याला पोचवून, तो झोपलेला पाहून घरी आली, तोवर स्वयंपाकघरात पुन्हा सगळी जमली होती. भांड्यात मटणाचा रस्सा उकळत होता, खिडक्यांच्या काचांवर वाफ धरली होती. अख्खं गाव येऊन जात होतं. जो तो मार्युनकडे बघे आणि कॉफी मागे.

त्रोन्दुर बटाटे सोलत होता. बटाटे सोलताना त्याला या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

"गाण्याच्या तालमीला जात होतीस म्हणे," तो मान वर न करता म्हणाला.

"तालीमच होती ती."

"सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस?"

त्यानं बटाट्याचा डोळा सुरीच्या टोकानं काढला.  "नाही," तो म्हणाला. "मस्करी केली असती. रोज." मग थोड्या वेळानं, "सुन्वा, ते बुडालेलं तुझं... ते नवं यायला हवं. आम्ही सगळे मिळून बघू."

"ते होईल काका. मला ते नकोय तुमच्याकडून."

"मग काय हवंय?"

उत्तर मालन काकूनं दिलं. अंगावरचा कोटही तिनं अजून काढला नव्हता.

"तिला माणसं हवीत. सुन्वा, तुझ्या त्या वर्गाला वयाची अट आहे का गं?"

"नाही काकू."

"मग माझं नाव घे. रिमोट उलटं धरीन, पण शिकीन. आणि शेजारच्या बार्बाचं घे, तिच्या दोघी मुलींचं घे. त्यांना मी विचारणार नाही, सांगणार आहे. आणि मार्युन, शिकवायला तू हवीस. ही पोरगी भराभरा बोलते. आज तू सांगत होतीस तसं सांगितलंस, तर माझ्यासारखीलाही कळेल."

आत्या बेसिनशी उभी राहून भांडी घासत होती. तिची पाठ सगळ्यांकडे होती. पण सुन्वा बाजूलाच होती. आत्यानं घासून झालेली कढई पुन्हा घासायला घेतलेली तिला दिसली.

मग हानुसनी काठीनं आपल्या उजव्या हाताची खुर्ची सरकवली. ती त्रोन्दुरची जागा. पण मेंढरांच्या दिवशी ज्यानं दोराचं काम केलं असेल त्यानं तिथं बसायचं, आणि म्हाताऱ्यानं त्याला विचारायचं, हे या घरात हानुसच्या आजोबांपासून चालत आलं होतं. हानुसनी ते भावांना विचारलं होतं, मुलांना विचारलं होतं, गेल्या वर्षी दान्यालला विचारलं होतं.

"मार्युन," ते म्हणाले. "ये, बस इथं."

आत्या वळली. साबणाचे हात तसेच पुढं धरून ती काही क्षण उभी राहिली. मग तिनं ते एप्रनला पुसले, टेबलाला वळसा घालून आली आणि त्या खुर्चीत बसली.

"खाली काय दिसलं?" हानुसनी विचारलं.



"गवत दाट आहे, आबा," मार्युन म्हणाली. "म्हणून मेंढ्या उतरतात. पट्टी डावीकडे रुंद आहे, दोन माणसं बसतील इतकी. उजवीकडे तडा गेलाय, वरपासून खालपर्यंत, आणि त्यातून पाणी झिरपतंय. ते छपरासारखं पुढं आलंय ना, ते आतून पोकळ आहे. मी बाजूनं पाहिलं. एक-दोन हिवाळ्यांत सगळंच खाली जाईल." ती थांबली. मग भावाकडे पाहून म्हणाली, "पुढच्या वर्षी तिथून कुणाला सोडायचं नाही. आधी मी ड्रोननं बघणार, मग दोर."

हानुसनी त्रोन्दुरकडे पाहिलं. त्रोन्दुरनं सुरी खाली ठेवली.

"आधी तू बघशील," तो म्हणाला. "मग दोर."